रेंजच्या दगडावरची इंग्रजी

मला कोनी येडं म्हनलं तर राग येत न्हाई. येडं म्हनून घ्यायचा तर माझा जलमाचा धंदा. लग्न असू द्या, बारसं असू द्या, लोक जागा करून देत्यात, "ये रं, बस हितं, काय तरी बोल." म्या बोलतो, लोक हसत्यात, बहुतेक वेळा माझ्यावरच. शाळंचं म्हनाल तर बापानं एकदा नेऊन बसवलं. दुपारच्याला म्या खिडकीतनं पळाया बघितलं, आन मधीच अडाकलो. मास्तरांनी मागनं ढकललं. म्हंजी त्यांनाबी म्या नकोच हुतो. माझ्या शिक्षनाला मास्तरांचा हात लागला त्यो तेवढाच.

तर येडं म्हनल्याचा राग न्हाई. पन एका मानसाला म्या आजून माफ केल्यालं न्हाई आन करनारबी न्हाई.

पानशेतच्या रस्त्याला आमचं पत्र्याचं हाटेल हाय. हाटेल म्हंजी एक चूल, चार टेबलं आन माझी बायको. गिऱ्हाईक तिच्या हाताच्या चवीला येतं. म्या निस्ता वाढतो आन बडबडतो. वरच्या टेकाडावर पुन्याच्या लोकांचं बंगलं झाल्यात. त्यातल्या एका साहेबाची आर्डर दर रविवारी ठरल्याली, चुलीवरचं चिकन, भाकरी, ठेचा. म्या टोप डोक्यावर घेऊन टेकाड चढायचो, त्यांच्या व्हरांड्यात वाढायचो, आन वाढता वाढता चार गमती सांगायचो. गमतीचं येगळं पैसं पडत न्हवतं त्यांना.

एका रविवारी साहेबाकडं मराठी न येनारं पाव्हनं आल्यालं. बोलून कळंना म्हनून म्या त्यांना करूनच दाखवलं. कोंबडी कशी पुढं पळाली, म्या कसा मागं पळालो, आन कोंबडी वळली पन म्या न वळता शेनाच्या उकिरड्यात कसा गेलो. पाव्हनं पोट धरून हसाया लागलं. तेवढ्यात साहेबानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आन पाव्हन्यांकडं बघून इंग्रजीत काय तरी बोलला. अशी हसली सगळी, एकाच्या गिलासातलं सांडलं. मला वाटलं, लईच कवतिक केलं. म्या हात जोडलं आन म्हनलो, "थँक्यू सर, थँक्यू."

मग तर ती खुर्चीतनं खालीच यायची राहिली.

खाली आलो तर पाव्हन्यांचा ड्रायवर गाडीला टेकून तंबाखू मळत हुता. त्यो बिचारा वर पानी द्यायला आल्याला, सगळं ऐकल्यालं त्यानं.

"दादा, तुमी थँक्यू कशापायी म्हनला?"

"कवतिक केलं न्हवं त्यांनी."

"कवतिक? त्ये म्हनलं, ह्येच्याकडं ध्यान देऊ नका, ह्यो आमच्या गावचा येडा. कोंबडीसंगं फुकट येतो."

म्या त्यालाबी म्हनलो, "बरं, थँक्यू." तोंडाला वळनच पडलं हुतं.

आता तुमी म्हनाल, सोताला दिवसभर येडा म्हनवून घेतोस, मंग ह्येच का लागलं? तर आसं हाय, माझ्या येडेपनाचं रान माझं हाय. त्यात म्या ज्वारी पेरीन न्हाई तर गवत वाढवीन. ह्यो कोन बांधावरनं आत येऊन कापून नेनारा? आन तेबी माझ्याच डोक्यावर भारा देऊन?

त्या ड्रायवरनं जाता जाता चहाच्या टपरीवर गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी एसटीच्या थांब्यावर गेलो तर एक जन म्हनला, "काय थँक्यू, कुठं निघालं?" झालं. आईबापानं ठेवल्यालं नाव बुडालं. पोरासोरांपासनं म्हाताऱ्यांपत्तुर म्या थँक्यू झालो. बायको भाकरी थापता थापता म्हनली, "आवो, मराठीत द्यायच्या की चार शिव्या त्याला."

म्या म्हनलो, "मराठीत दिल्या तर पाव्हन्यांना काय कळनार? त्यो पुन्ना म्हनल, बघा, येडं कसं ओरडतंय. त्यानं ज्या भाषंत मारलं, त्याच भाषंत, त्याच व्हरांड्यात, पाव्हन्यांच्या म्होरं म्या त्याला परत देनार."

"मराठीत तरी कवा धड बोलला का तुमी?" ती म्हनली. पन तिनंच मार्गबी दावला. "त्या भोरच्या पोरीला इचारा की."

भोरची पोरगी म्हंजी आमच्या बौद्ध आळीतली. तिचा बाप आन म्या बरुबर रोजगाराला जायचो. त्यो गेला, पन पोरीला शिकवून गेला. आता ती भोरात खोली घेऊन ऱ्हाते आन फोनवरची नोकरी करते. परदेशात कुनाचा ओव्हन बिघडला की त्यो मानूस फोन लावतो, आन फोन वाजतो भोरात. मला आधी पटलंच न्हाई. म्हनलो, तिकडं वायरमन न्हाईत का?

वढ्यापलीकडं जाऊन फोन लावला. "जय भीम ताई."

"जय भीम काका. आज कशी आठवन आली?"

सगळं सांगितलं. थँक्यूचंबी सांगितलं. मला वाटलं हसंल, पन ती म्हनली, "काका, शिव्या ना? इंग्रजीतल्या सगळ्या शिव्या मी रोज ऐकते. द्यायची एकपण परवानगी नाही. रोज सकाळी फोन करा, आपण बोलत जाऊ. बोलल्याशिवाय येत नसतं."

आता अडचन आशी, की आमच्या घरात न्हाई आन हाटेलातबी रेंज न्हाई. आमी खोलगटात. रेंज पायजेल तर वढ्यापलीकडं चढून एका मोठ्या दगडावर जावं लागतं. त्याला आमी रेंजचा दगडच म्हनतो. सगळ्या गावाचं बोलनं तितंच. कुनाची सोयरीक, कुनाचं भांडान, सगळं उघड्यावर. दगडावर एक आबा कायम बसल्यालं असत्यात, मुंबैच्या पोराचा फोन यील म्हनून. पोराचा फोन काय येत न्हाई, पन दुसऱ्यांचं ऐकून आबांचा दीस जातो. माझी इंग्रजी सुरू झाली तवा आबांची दिवाळीच झाली.

पैल्या दिवशी ताई म्हनली, "काका, मी साहेब होते. तुम्ही या, माझ्याशी बोला."

म्या म्हनलो, "तुज्या आयला..."

"काका, असं नाही. आधी गुड आफ्टरनून."

"भांडायचंय न्हवं का?"

"इंग्रजीत भांडणपण तिथूनच सुरू होतं. माझी गिऱ्हाइकं आधी 'गुड मॉर्निंग डिअर' म्हणतात आणि मग अक्कल काढतात."

आबा शेजारनं म्हनलं, "चांगली रीत हाय. कोंबडीलाबी आपन आधी दानं टाकतोच की."

मग ती मला म्हनली, काय म्हनायचंय ते आधी मराठीत सांगा. त्ये म्या राती चुलीफुडं बसून कवाच ठरवल्यालं. तू म्हनतोस म्या कोंबडीसंगं फुकट येतो. साहेब, कोंबडी फुकट न्हाई. फुकट आली ती निस्ती तुजी अक्कल, म्हनून तर तू ती कवा वापरत न्हाईस. ताई खुदकन हसली. म्हनली, "हे इंग्रजीत लई भारी होईल," आन तितल्या तितं करून दिलं: "सर, द चिकन इज नॉट फ्री. ओन्ली युअर ब्रेन केम फ्री. सो यू नेव्हर युज इट."

पन ह्याच्या आधी तिनं लावलं ते आसं: गुड आफ्टरनून सर. हाऊ आर यू टुडे? मंग, आय ॲम सॉरी टु हिअर दॅट. मंग, आय ॲम व्हेरी सॉरी फॉर द इनकन्व्हिनियन्स. म्या इचारलं, ह्येचा अर्थ? म्हनली, तुम्हाला झालेल्या तरासाबद्दल माफी.

"तरास मला झालाय, ताई. माफी म्या मागू?"

"काका, काय सांगू. रोज तेच बोलून बोलून जीभ त्याच रुळावरनं जाते. सॉरी म्हटल्याशिवाय मला पुढचं इंग्रजी येतच नाही."

भोरला बाजाराला गेलो तवा तिची नोकरी बघितली. दुपारचं तिचं काम सुरू झाल्यालं, मला कोपऱ्यात बसवलं, हातात चहा दिला. कानाला यंत्र लावून ती बोलत हुती, गोड, एकदम साखरंसारखं. पलीकडनं कोन बाप्या वरडत हुता, त्ये कोपऱ्यात मलाबी ऐकू येत हुतं. ती एका बोटानं बटन दाबायची, पलीकडच्याला आवाज जायचा बंद, मग ही भिंतीकडं बघून म्हनायची, "मुडद्या, आधी प्लग लावला का बघ की!" पुन्ना बटन, पुन्ना "आय ॲम सो सॉरी सर." फोन ठेवून तिनं चेहरा पुसला.

"काय म्हनत हुता?"

"काही नाही काका. मी कुठल्या झाडावरनं उतरले ते विचारत होता."

"आन तू परत काय बोलली न्हाईस?"

"सगळं टेप होतं. एक शब्द उलटा गेला की नोकरी गेली."

भिंतीवर बाबासाहेबांचा फोटू, त्याखाली तिच्या बापाचा. म्या बापाच्या फोटूकडं बघितलं आन चहा तसाच ठेवला. त्या दिसापासनं हिशेब दोघांचा झाला. ती म्हनली, "काका, तुम्ही त्याला बोलाल तेव्हा फोन चालू ठेवा खिशात. मला ऐकायचंय. कुणीतरी कुणाला तरी उलटं बोललेलं मला एकदा ऐकायचंय."

हितनं माझी खरी येडपटगिरी. मला वाचता येत न्हाई, म्हनून म्या कायबी पाठ करतो ते भजनासारखं, चाल लावून. आमच्या भजनी मंडळात सगळे तसंच करत्यात. इंग्रजीलाबी म्या चाल लावली. दगडावर आबा मांडीवर ताल धरायचं, म्या डोळं मिटून म्हनायचो, "गुड आफ्टरनून सऽऽर, हाऊ आर यू टुडेऽ." शेवटाला ताईच्या सवयीनं "थँक्यू फॉर कॉलिंग, हॅव अ नाईस डे" बी आल्यालं. त्ये म्या ठेवलं, आरतीमागं जयघोष पायजेल म्हनून.

पन आरतीचं काय असतंय बघा. कुनी म्हनलं, चौथं कडवं काय, तर सांगता येतं का? मनातल्या मनात पयल्यापासनं पळावं लागतं. ताई म्हनायची, "काका, एकदम मधूनच सुरू करा बरं. कोंबडीपासून." म्या तोंड उघडायचो आन गुड आफ्टरनूनच बाहेर यायचं. ती म्हनली, "राहू दे, सलग म्हणा. तो ऐकून घेईल."

आबा म्हनलं, "आन मधी खोकला तर?"

आमी दोघंबी आबांवर हसलो. म्हाताऱ्याचं ऐकावं मानसानं.

रविवार ठरला. पुन्ना नवं पाव्हनं आल्यालं. टोप डोक्यावर, खिशात मोबाईल, मोबाईलवर ताई. बंगला उंचावर, तितं रेंज भरपूर. रेंजबी मेली श्रीमंतांच्याच बाजूनं असती. ताईनं शिकवल्याप्रमानं म्या स्पीकर लावून आवाज फुल्ल करून ठेवल्याला, मला तिचा श्वास ऐकू येत हुता.

वाढलं. हात पुसलं. साहेबाच्या म्होरं सरळ हुबा ऱ्हायलो आन सुरू केलं.

"गुड आफ्टरनून सर. हाऊ आर यू टुडे?"

साहेबानं टाळी वाजवली. "ओहो! आमचा थँक्यूवाला इंग्रजी बोलायला लागला!" पाव्हन्यांनीबी टाळ्या वाजवल्या. माझी गाडी घसरली. म्हंजी पुन्ना पयल्यापासनं.

"गुड आफ्टरनून सर. हाऊ आर यू टुडे?"

"आय ॲम फाइन," साहेब म्हनला, "हाऊ आर यू?" ह्ये आमच्या पाठात न्हवतंच. ताई साहेब व्हायची तवा गप ऐकून घ्यायची. पुन्ना घसरली.

"गुड आफ्टरनून सर..."

आता तर एकानं मोबाईल काढून माझा व्हिडिओ काढाया घेतला. आखूड केसांची एक बाई तेवढी म्हनली की त्याला पुरं बोलू द्या, हाताच्या खुनंवरनं कळलं. म्या डोळं मिटलं. मनात आबांचा ताल धरला. "आय ॲम सॉरी टु हिअर दॅट. आय ॲम व्हेरी सॉरी फॉर द इनकन्व्हिनियन्स."

साहेब मराठीत म्हनला, "सॉरी कशाला रे? मीठ विसरलास की काय?" आन त्येच इंग्रजीत पाव्हन्यांना सांगितलं. हसन्याचा नुस्ता कल्लोळ. पुढची वळ कोंबडीची. ती वळ जिभंवर आल्याली, आन हसन्याच्या धक्क्यानं पोटात गेली. शबुद गेलं, चाल तेवढी उरली. म्या साहेबाच्या म्होरं हुबा राहून "न्न, न्न, नऽऽ" आसं गुनगुनाया लागलो. म्हशीच्या कानात माशी गेल्यावानी.

तेवढ्यात माझा खिसा बोलला.

"लिसन टु मी!"

हसनं थांबलं. साहेब माझ्या छातीकडं बघतोय. म्याबी माझ्या छातीकडं बघतोय.

"द चिकन इज नॉट फ्री!" खिसा म्हनला. "ओन्ली युअर ब्रेन केम फ्री. सो यू नेव्हर युज इट!"

त्ये माझं वाक्य हुतं. माझं ठरवल्यालं, चुलीफुडं बसून. पन ती तितं थांबली न्हाई. गुड आफ्टरनून न्हाई, सॉरी न्हाई, धरनाचं दार उचलावं तसं सुटलं. मला काय कळलं न्हाई, मधी मधी वळखीचं शबुद तेवढं कानाला लागत हुतं. ओव्हन आलं. मॅन्युअल आलं. झाडाचंबी आलं आसनार. "फर्स्ट चेक द प्लग!" ह्ये तर इतक्या जोरात आलं की साहेबानं खरंच भिंतीकडं बघितलं, कुठला प्लग म्हनून.

साहेब कसाबसा म्हनला, "हू इज दिस?"

"दिस इज हिज मॅनेजर!"

पयली हसली ती आखूड केसांची बाई. तोंडावर हात ठेवून, पन हसली. मग तिचा नवरा. तिनं "फ्री ब्रेन" म्हनून साहेबाकडं बोट केलं आन मग सगळाच व्हरांडा हसाया लागला, व्हिडिओवाल्यानं मोबाईल माझ्यावरनं फिरवून साहेबावर धरला. साहेबाचं कान आमच्या ठेच्यावानी लालबुंद. त्यानं तोंड उघडलं, मिटलं, पुन्ना उघडलं. त्यालाबी पुढचं कडवं येत न्हवतं.

आन म्या? एवढा मोका, सगळ्यांच्या नजरा माझ्यावर, आन पाठातलं जे शेवटचं उरल्यालं त्येच तोंडातनं आलं.

"थँक्यू फॉर कॉलिंग, सर. हॅव अ नाईस डे."

टोप उचलला आन उतराया लागलो. निम्म्या वाटंवर खिसा बारीक आवाजात म्हनला, "काका? काका, ते हसले का?"

"हसली की. तुझ्या बोलन्याला."

"आणि तो?"

"त्यो न्हाई हसला."

ती इतकी हसली की मधीच रडाया लागली, न्हाई तर उलटं झालं आसंल. "काका, मी एकदापण सॉरी म्हटलं नाही. तुमच्या ध्यानात आलं का?"

"आलं की. तुझ्या वाटचं म्याच म्हनलो न्हवं का."

दगडावर आबा वाट बघत हुतं. "हं, सांग. तू काय बोललास?"

"गुड आफ्टरनून."

"आन?"

"सॉरी."

"आन मंग?"

"थँक्यू."

आबांनी कपाळाला हात लावला. "आरं, मंग पयल्यापेक्षा वाईटच की! पयल्यांदा सॉरी तरी न्हवतं!"

खिशाचं सांगितलं तर कुनाला पटंना. बायको तेवढी म्हनली, "सूड पोरीनं घेतला. तुमी निस्ता डबा वाहिला." खरं हाय त्ये. बंगल्याची आर्डर बंद झाली, गावात म्या थँक्यूच ऱ्हायलो, आन माझ्या पोटातला निखारा तसाच. ताईचा निवला, तिचा आवाज आता फोनवर येगळा येतो, त्याचं मला बरंच वाटतं. पन माझं वाक्य माझ्या तोंडानं जायाचं ऱ्हायलं ते ऱ्हायलंच. म्हनून आमी पुन्ना बोलाया सुरू केलंय. ह्या टायमाला ताई गुड आफ्टरनून शिकवाया तयार न्हाई. कोंबडीपासनंच सुरू, चाल न लावता. आबा ताल धरत्यात, म्या त्यांचा हात धरून ठेवतो.

मागं एका शनिवारची गोष्ट. हाटेलाम्होरं म्हशी आडव्या आलत्या, गाड्या थांबल्याल्या. साहेबाची गाडी बरुबर माझ्या चुलीसमोर. गाडीत पुन्ना नवं पाव्हनं. काच खाली. साहेबानं मला बघितलं, म्या साहेबाला बघितलं. वाक्य आठवलं, सगळं, शबुदान् शबुद. पन तोंडात गुड आफ्टरनून आडवं बसल्यालं, म्हशीवानी. त्येला हाकलीपत्तुर गाडी निघून जानार हुती.

म्हनून म्या काय बोललोच न्हाई. खिशातनं हळूच मोबाईल काढला आन त्याच्याकडं तोंड करून धरला.

काच वर गेली. मागच्याबी काचा वर घेतल्या त्यानं. म्हशी हटंपत्तुर त्यो निस्ता सरळ म्होरं बघत बसला, पाव्हनं इचारत हुतं तरीबी.

आता दर शनिवारी आसंच. त्याची गाडी दिसली की म्या हात खिशाकडं नेतो, काच वर जाती. बायको म्हनती, बास करा आता. म्या म्हनतो, आजून लई शनिवार हायत.

हाटेलाम्होरं रेंज न्हाई. पन त्ये त्याला कोन सांगनार?